कंपनी काढायला लाख रुपये लागत नाहीत

इंदूरच्या रामबागेत अजूनही छातीठोकपणे सांगतात: प्रायव्हेट लिमिटेड काढायची तर आधी लाखाचं भांडवल दाखवा, मग ग्वाल्हेरच्या रजिस्ट्रार ऑफिसात खेटे घाला. लाखाची अट होती, पण कंपनी कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनं ती गेली. दहा हजारांतही कंपनी निघते. खेटेही नकोत, फॉर्म ऑनलाइन, डिजिटल सहीनं भरतात. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढू शकते ती रक्कम, १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी फी माफ. स्टॅम्प ड्यूटी काही सुटत नाही.

घोडं अडतं भलतीकडेच. कंपनीसाठी घरचा पत्ता चालतो, पण लाइटबिल दोन महिन्यांच्या आतलं हवं. घर आजोबांच्या नावावर असेल, तर त्यांचं ना-हरकत पत्रही. तेवढ्यासाठी आजोबांना लाडीगोडी लावावी लागते, ती वेगळी. संचालक दोन पुरेत, नवरा-बायकोही चालतात.