पोटाच्या सोनोग्राफीआधी सकाळचा चहा नको

“फक्त अर्धा कप चहा घेतला होता.” आमच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं आणि रोज कुणाला तरी परत पाठवावं लागतं. कोथरूडहून रिक्षा करून आलेल्या आजींना परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं, पण नियम मोडत नाही.

पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. उपाशीपोटी ती पित्ताने भरून फुगलेली असते. मग पडद्यावर काळ्या पित्तात खडा पांढरा उठून दिसतो, त्यामागे सावली पडते, कूस बदलली की तो घरंगळतो. दुधाचा चहा किंवा पोह्यांचे दोन घास पोटात गेले की पिशवी आकसते. लहान खडे त्यात लपतात, भिंत जाड दिसते आणि नसलेली सूज असल्यासारखं वाटतं. म्हणून आधी सहा ते आठ तास काही खाऊ नका. साधं पाणी चालेल. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्यांना आम्ही सकाळचा पहिला नंबर देतो.

“सीटी स्कॅन झालाय, मग सोनोग्राफी कशाला?” कोलेस्टेरॉलचे काही खडे सीटीत पित्ताच्याच रंगाचे दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत.

वडील अचानक गेलेल्या एका मुलाने विचारलं, नंतर स्कॅन करून कारण कळलं असतं का? दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून शवाचा सीटी काढून तपासणी होते. पित्ताशय फुटून पोटात साचलेला द्रव, पित्ताच्या नळीत अडकलेला कॅल्शियमचा खडा त्यात दिसू शकतो. पण मृत्यूनंतर कुजण्याने यकृतात वायू साचतो, तो जंतुसंसर्गाच्या वायूसारखा भासतो. स्वादुपिंडही आपल्याच रसाने विरघळू लागतं, त्यामुळे ते आधीच सुजलं होतं का हे सांगणं अवघड जातं. कोलेस्टेरॉलचा खडा तिथेही निसटतोच. आमच्याकडे ती सोय नाही, आम्ही जिवंतपणीच खडा शोधतो.

आपण ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतो ती ॲसिडिटी. खड्यांचा आजार वेगळा. उजव्या बरगडीखाली तासन्‌तास न थांबणारी कळ, हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे, यातलं काहीही असेल तर सोडा पिऊन थांबू नका. आमच्या नंबराचीही वाट पाहू नका, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. नळीत अडकलेल्या खड्याने स्वादुपिंडाला सूज येते, रक्तात जंतू पसरतात आणि माणूस दगावू शकतो.

चुकून खाऊन आलात तर लपवू नका. दुसऱ्या दिवशीचा नंबर देतो, जादा पैसे घेत नाही. जुने रिपोर्ट मात्र सोबत आणा. आमचे डॉक्टर ते शेजारी ठेवूनच नवा रिपोर्ट लिहितात.