साडीला फॉल लावण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

इंदूरहून महेश्वरी घेऊन ती पुण्या-नागपूरच्या लेकीसुनांना पाठवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. साडी घडी न मोडता जाते, तिथे थेट फॉल-पिकोला टाकली जाते, ब्लाउजपीस शिंप्याकडे कापलं जातं, आणि नेसायच्या आदल्या दिवशी पदराजवळ तुटलेला ताण्याचा धागा दिसतो. मग फोन येतो, "बदलून द्या." सणासुदीच्या दिवसांत आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

अशी साडी आम्ही का बदलत नाही, ते सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्यातल्या कलम ४१ प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरत नाहीत. पण कलम ४२ म्हणतं की, माल आपलाच मानून त्यात फेरफार केला, किंवा काही न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला गेला. फॉल लावणं आणि ब्लाउजपीस कापणं हे दोन्ही फेरफारच आहेत. शिवाय शिवलेली साडी आम्ही दुसऱ्या ग्राहकाला नवी म्हणून कशी विकणार?

म्हणून कृपया दुकानातच साडी पूर्ण उघडा. आम्ही गादीवर पसरून देतो, संकोच करू नका. पदर उजेडाकडे धरा, म्हणजे तुटलेला धागा लगेच दिसतो. काठाच्या दोन्ही बाजू पाहा. महेश्वरीचा काठ, म्हणजे बुगडी, दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे साडी उलटसुलट दोन्हीकडून नेसता येते, तेव्हा दोष एकाच बाजूला असला तरी तो दोषच. निऱ्यांच्या भागात तेलाचा डाग नाही ना, हेही बघा. मात्र सूत कुठे जरा जाड, कुठे बारीक, हे हातमागाचं लक्षण आहे. त्यासाठी साडी परत घेत नाही.

तपासूनही जो दोष दिसला नसता, त्याची जबाबदारी आमचीच. पहिल्या धुण्यात रंग उतरला, किंवा बिलावर रेशीम लिहिलं आणि निघालं दुसरंच, तर फॉल लावलेला असला तरी या, पैशांचा हिशेब करू. रेशमाबद्दल शंका असेल तर सुटा धागा तुमच्यासमोर जाळून दाखवतो : खऱ्या रेशमाला जळालेल्या केसांसारखा वास येतो आणि राख चुरगळते.

सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आमच्या बिलावर मुदत छापलेली नाही, म्हणजे ३० दिवस तुमचे. बिल न देणंही त्याच कायद्यात बसत नाही, तेव्हा ते मागून घ्या आणि जपून ठेवा. आमच्याकडून समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि पुण्यात राहणारी ग्राहक पुण्यातच तक्रार करू शकते.

रंग आवडला नाही एवढ्यावरून माल परत घेण्याची सक्ती कायद्यात नाही. तरीही घडी, टॅग आणि बिल शाबूत असेल तर आठवड्याच्या आत आम्ही साडी बदलून देतो.

फॉल-पिको आमच्याकडेही होतं. साडी उघडून पाहिल्यावर तुम्ही बिलामागे सही करता, त्यानंतरच ती मशीनवर जाते. परगावी पाठवायची असेल तर पॅक करण्याआधी व्हिडिओवर दाखवतो. तेवढी दहा मिनिटं हातात ठेवून या.