नवस आणि क्रुसावरचा विश्वास : दोन्ही एकच समजू नका

नवस म्हणजे काय, हे नागपूरकराला शिकवायची गरज नाही. टेकडीच्या गणपतीला बोललेला असो की ताजबागेत चादर चढवायचा असो, आधी मागायचं आणि काम झालं की फेडायचं. सरळ व्यवहार आहे, त्याची टिंगल मला करायची नाही. पण सदरच्या चर्चमध्ये कुणी मेणबत्ती लावताना दिसला की लगेच ऐकू येतं, "यांचाही नवसच, फक्त नारळ नाही." बाहेरचा माणूस असं म्हणाला तर समजू शकतो. चर्चमध्ये जन्म गेलेली मंडळीही तसंच बोलतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

नारळ की मेणबत्ती, संकष्टी की ईस्टरआधीचे लेंटचे ४० दिवस, हे वरवरचे फरक. त्यात अडकू नका. नवस ख्रिस्ती माणसंही बोलतात. मुंबईत माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात. बायबलात हन्नानं मुलासाठी नवस केला आणि शमुवेल झाल्यावर तो फेडलासुद्धा. तेव्हा हा हिंदू-ख्रिस्ती असा फरक नाहीच.

फरक आहे तो आधी कोण देतो याचा. नवसात सुरुवात माझी: मी कबूल करतो, मग देवानं द्यायचं, मग मी फेडायचं. क्रुसाच्या बाबतीत देव देऊन मोकळा झालेला असतो, आणि तेही कुणी काही कबूल केलेलं नसताना. रोमच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल हेच सांगतो की आपण पापी होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारायची वाट त्यानं पाहिली नाही. ("देवानं पोराचा बळी घेतला, हे कसलं प्रेम?" असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच की ख्रिस्ती श्रद्धेत पुत्र हा कुणी तिसरा नाही, तो देवच. देणारा स्वतःलाच देतो.) माणसानं करायचं काय, तर त्या दिलेल्यावर भार टाकायचा. उपास, दान, सेवा हे सगळं त्यानंतर येतं, आभार म्हणून.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पेशंटच्या बायकोला सांगतात, "ताई, तुमचा विश्वास कमी पडला." हे वाक्य मला सहन होत नाही. नारळाच्या जागी विश्वास ठेवला, बाकी नवस तसाच! इतवारीतल्या दुकानाच्या खातेवहीसारखं चाललंय: इतका विश्वास जमा, इतकी तब्येत नावे. आधीच खचलेल्या बाईवर वर ही थकबाकी. कृपेवर तासभर प्रवचन देणारेही असं बोलून जातात, म्हणून जास्त राग येतो.

बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिला म्हणून जळत्या भट्टीत टाकायची धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, पण त्यानं नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. "नाही सोडवलं तरी" म्हणायला नवसात जागाच नसते, तिथे काम झालं नाही तर फेडायचाही प्रश्न नाही. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि १८६३ साली टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. वर्षानुवर्षं देवाचं काम करणाऱ्याला हे फळ? खातेवहीवाल्यांकडे याला उत्तर नाही. देवाच्या प्रेमाचा पुरावा ज्याला क्रुसावर मिळाला, तो नाल्याच्या पाण्यावरून ते प्रेम मोजत नाही. रडतो मात्र तोही, आणि रडावंच.

"मग देवाजवळ काही मागायचंच नाही का?" असं लोक हमखास विचारतात. मागा की! पोराची नोकरी मागा, बापाचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणा. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनंही मागितलं होतं की शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून टळू दे, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची छाती मात्र अजून कुठल्या पाळकाची झालेली मी पाहिली नाही.