आगाऊ पैसे मागणारा लेखक नाकारलेलाच असतो?

‘कादंबरीसाठी वाचकांकडे आधीच पैसे मागतो, म्हणजे प्रकाशकांनी हाकललेला दिसतोय. इंटरनेटचं खूळ, दुसरं काय!’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

१७९६ साली लंडनमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेची ‘कमिला’ ही पाच खंडांची कादंबरी निघाली ती वर्गणीवर. प्रत्येक वर्गणीदाराकडून एक गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं), तीही छपाईआधी. पहिल्या खंडात वर्गणीदारांची छापील यादी आहे, हजारावर नावांची. त्यात एक ओळ ‘मिस जे. ऑस्टेन, स्टीव्हन्टन’ अशी आहे. होय, तीच जेन ऑस्टेन, पुढे गाजलेली इंग्रज कादंबरीकार. तेव्हा वीस वर्षांची, स्वतःचं एकही पुस्तक न आलेली! आणि बर्नी काही नाकारलेली नव्हती. तिच्या आधीच्या दोन कादंबऱ्या गाजलेल्या होत्या.

अलीकडचं उदाहरण ब्रँडन सँडरसनचं. सर्वाधिक खपाच्या यादीतला हा अमेरिकन लेखक, पण मार्च २०२२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणारं संकेतस्थळ) त्यानं चार कादंबऱ्यांसाठी थेट वाचकांना हाक दिली आणि ४ कोटी डॉलरहून जास्त जमले. अर्थात हा अपवादच. शिवाय ते सगळे खिशात जात नाहीत: किकस्टार्टर ५ टक्के कापतं, वर कागद, छपाई, बांधणी, टपाल. ठरवलेला आकडा गाठला नाही तर वाचकाकडून एक पैसाही घेतला जात नाही.

आणि आपण? ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणून पैसे भरून पुस्तकाची वाट पाहतो, तेव्हा कुणाला खूळ आठवत नाही.