टर्बो सीपासून जीसीसीपर्यंत: सोलापूरच्या संगणक लॅबची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरला संलग्न होती आणि अभ्यासक्रमही तिकडूनच येत. त्याच २००४ च्या ऑक्टोबरात उबंटूची, म्हणजे लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका प्रकाराची, पहिली आवृत्ती आली. लवकरच उबंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच मिळू लागल्या. तेव्हाच्या नेटवर अख्खी सीडी उतरवून घेणं कॉलेजला परवडणारं नव्हतं, म्हणून या सीडींचं मोल मोठं होतं. पुढे एखादं पॅकेज, म्हणजे जादा सॉफ्टवेअर, टाकायचं तरी नेट लागायचंच. ते नसेल तर मासिकासोबत येणारी डीव्हीडी हाताशी ठेवावी लागे.

लिनक्स लॅबमध्ये आलं ते ऑपरेटिंग सिस्टीम आणि शेल स्क्रिप्टच्या प्रॅक्टिकलपुरतं. विंडोजच्या शेजारी ड्युअल बूट, म्हणजे मशीन सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायची सोय, एवढीच त्याची जागा. पण त्याच काळात पेनड्राइव्हमधून ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ नावाचा व्हायरस लॅबभर पसरायचा आणि मुलांनी केलेलं काम अडकून पडायचं. लिनक्सच्या बाजूने बूट केलेल्या मशिनला त्याचा काही त्रास नसे. ओपन सोर्सची (मूळ कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) तत्त्वं पटण्याआधी अनेकांना पटली ती ही गोष्ट.

खरा पेच टर्बो सीचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा हा डॉसवरचा (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचा) कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, पुढे कितीतरी वर्षं सी आणि सी प्लस प्लस शिकवण्याचं एकमेव साधन समजला गेला. सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, तरी जर्नलात, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ ही जुनी लिहिण्याची पद्धत तशीच राहिली. पुढे ६४ बिट विंडोज आलं. त्यावर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत. सरळ उपाय होता जीसीसी हा दुसरा कंपायलर. तो १९८७ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे आणि प्रमाणाला धरून चालतो. तरीही बऱ्याच लॅबमध्ये डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स टाकून त्याच्या छोट्या खिडकीत टर्बो सीच चालू ठेवला गेला.

यातला फरक जर्नलातल्या फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमवर लगेच दिसतो. टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो, म्हणजे मर्यादा ३२,७६७. सातचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते सातचा गुणाकार, ५,०४० बरोबर येतं. आठचं ४०,३२० यायला हवं, पण पडद्यावर उणे २५,२१६ उमटतं. जीसीसीवर इंट चार बाइटचा असल्याने बारापर्यंत उत्तर बरोबर येतं आणि तेरापासून चुकतं. आता ‘इंट किती बाइटचा?’ या प्रश्नाला नोट्स दोन म्हणणार आणि समोरचं मशीन चार. मशिनवर पाहून लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जाणं हा सरळ अन्याय आहे. भाषेच्या प्रमाणात इंटचा नेमका आकार ठरलेलाच नाही. तो कंपायलर ठरवतो. हे शिकवणं हाच त्या धड्याचा गाभा असायला हवा.

टर्बो सी सोडायला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्रेझनहॅमच्या पद्धतीची रेषा ‘ग्राफिक्स डॉट एच’ या चित्रकामाच्या हेडरवर (तयार फाइलवर) काढली जाते आणि ते हेडर जीसीसीसोबत येत नाही. एक्सटर्नल परीक्षक दुसऱ्या कॉलेजातून येतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर टर्बो सीची तीच निळी खिडकी असते. कंट्रोल एफ नाइन दाबलं की प्रोग्रॅम चालला, याची सवय मुलांना आणि सरांनाही लागलेली. त्यात डेड स्टॉक रजिस्टरात (कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत) नोंद करायला बिल लागतं. फुकट सॉफ्टवेअरचं बिल कुठून आणायचं? संलग्नतेच्या तपासणीत या प्रश्नापुढे तालुक्याचं कॉलेज अडखळलं तर नवल नाही. ग्राफिक्स आणि बिल या दोन अडचणी खऱ्या आहेत. सवयीची सबब मात्र मला मान्य नाही. मधला मार्ग म्हणून काहींनी विंडोजवरच कोडब्लॉक्स हे प्रोग्रॅम लिहायचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या एका इन्स्टॉलरसोबत जीसीसी येतो.

या सगळ्याच्या मुळाशी एकच निर्णय आहे: अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव छापायचं, की भाषेचं प्रमाण सांगून निवड कॉलेजवर सोडायची? नाव छापलं की पेपर काढणं सोपं जातं, पण पुढची आठ-दहा वर्षं ते हलत नाही. म्हणून प्रमाण सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या घडामोडी भराभर आल्या. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी ओपन सोर्सचं धोरण आणलं. पवईच्या आयआयटी मुंबईहून मराठी निवेदनाचे छोटे व्हिडिओ पाठ आले आणि टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) बिचकणाऱ्या मुलांना आधार मिळाला. पायथनमुळे तर वादाची धारच गेली, कारण ती भाषाच ओपन सोर्स. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तेव्हा जुन्या नोट्समधला कंसाविना लिहिलेला प्रिंट (पायथन ३ मध्ये तो चालत नाही) पुन्हा आडवा आला. त्याच वर्षी टाळेबंदीत लॅब बंद पडल्या आणि गावी परतलेल्या मुलांना मोबाइलवरच्या कंपायलरवर भागवावं लागलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते. लॅबमधली जुनी मशिनं तिथे अडतात, पण लिनक्सवर ती व्यवस्थित चालतात. बीसीए आणि बीएस्सीच्या बहुतेक प्रॅक्टिकलना ते पुरेसं आहे. पण बऱ्याच कॉलेजांत त्याच लॅबमध्ये दुपारी बीकॉमची मुलं टॅलीसाठी बसतात आणि टॅलीला विंडोजच लागतं. त्यामुळे ड्युअल बूट इतक्यात तरी सुटणार नाही.