सीटी स्कॅन नॉर्मल, मग डोकं का चालत नाही?

फॉरवर्ड नेहमीचाच आहे: "डोक्याला मार लागला पण सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काही झालेलं नाही." वाटतं खरं, कारण घरी सगळ्यांना रिपोर्टवरचा तो एकच शब्द दिसतो, नॉर्मल.

आता बघा, सीटीचं काम रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मोठी सूज शोधणं, आणि ते अर्जंट असतं म्हणून आधी तोच काढतात. पण मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी बोलतात ते लांब तंतूंमधून, आणि हा एक तंतू साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग जाड, तर सीटीला अर्ध्या मिलिमीटरच्या खालचं जवळपास दिसतच नाही. बाईकवरून पडताना डोकं गर्रकन फिरलं की हे तंतू ताणले जातात, काही तुटतात, बरेचसे नुसते बिघडतात. मग निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धाच पोचतो. माणूस बोलतो-चालतो, पण टीव्ही चालू असताना फोनवर बोलणं जमत नाही, नि घरचे म्हणतात नाटकं करतोय!

स्वतः पडताळायचं तर रिपोर्ट नीट वाचा, त्यात बहुतेक 'रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही' असंच असतं, तंतूंबद्दल अवाक्षर नाही. आणि त्या माणसाला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा, आधी पटापट म्हणणारा आता ऑगस्टला अडकत असेल तर डॉक्टरांना तेच सांगा (जमले म्हणजे सगळं ठीक असंही नाही हं).

सौम्य मार असेल तर बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी असेल तर मात्र जुना रिपोर्ट धरून बसू नका, लगेच हॉस्पिटल.