पाण्यावाचून पिणारे सॅटर

सॅटर, म्हणजे ग्रीक पुराणकथांत मद्याचा देव डायोनिसस याच्यासोबत फिरणारे अर्धे माणूस, अर्धे जनावर. सॅटर म्हटले की बोकडाचे पाय आणि शिंगे डोळ्यांपुढे येतात. ग्रीकांचा मूळ सॅटर मात्र घोड्याच्या कुळातला. त्याला शेपटी आणि कान घोड्याचे, नाक बसके, उरलेला देह बहुधा माणसाचा. बोकडाचे रूप पॅन या बोकडपायाच्या देवाशी आणि फॉन या रोमन वनदेवतेशी सरमिसळ होऊन पुढे चिकटले. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील फ्रान्स्वा कलश इ.स.पू. ५७० च्या सुमाराचा. त्यावर डायोनिसस हेफेस्टस या लोहार देवाला मद्य पाजून, खेचरावर बसवून ऑलिंपस या देवांच्या पर्वतावर परत आणतो आहे. मागून येणाऱ्या सॅटरांना घोड्याचेच पाय आहेत, एकाच्या पाठीवर मद्याची पखाल आहे आणि शेजारी ‘सिलेनोई’ असे सॅटरांचेच दुसरे नाव लिहिले आहे.

ही पखाल महत्त्वाची, कारण तिच्यातले मद्य पाणी न घातलेले, आणि ग्रीक माणूस मद्य तसेच पीत नसे. मद्यपानाच्या बैठकीत क्रेटर नावाच्या रुंद तोंडाच्या भांड्यात आधी पाणी मिसळत. तीन भाग पाण्याला एक भाग मद्य, किंवा दोनास एक. निम्मे-निम्मे मिश्रण जहाल समजत आणि निव्वळ मद्य पिणे हे सिथियन या उत्तरेकडच्या भटक्या लोकांचे रानटीपण मानत. युबुलस या विनोदी नाटककाराच्या एका उताऱ्यात डायोनिसस शहाण्यांसाठी तीनच क्रेटर ठरवतो: पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा, तिसरा झोपेचा. चौथ्यापासून उद्दामपणा सुरू होतो आणि दहावा वेडाचा.

सॅटर हे मोजमाप पाळत नाही. कलशांवर तो सरळ सुरईलाच तोंड लावतो. त्याला नुसता वासनेचा पुतळा समजणे मला अपुरे वाटते. बैठकीतल्या माणसाच्या हातातल्या प्याल्यावरच हे चित्र असे. चौथ्या क्रेटरनंतर आपले काय होईल, ते त्याला पिता पिता दिसे.

अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत तीन शोकांतिकांनंतर त्याच कवीचे सॅटर-नाटक होई, म्हणजे सॅटरांचा वृंद असलेले हलकेफुलके नाटक. इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या प्रोनोमोस कलशावर त्या वृंदाचा वेश दिसतो: मुखवटा, केसाळ लंगोट, त्याला पुढे लिंग आणि मागे शेपूट. पूर्ण उरलेले असे नाटक एकच, युरिपिडीसचे ‘सायक्लॉप्स’. त्यात सॅटरांचा म्हातारा बाप सायलेनस मद्यासाठी आपल्या धन्याची, म्हणजे एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्सची, मेंढरे आणि चीज ओडिसियस या ग्रीक वीराला देऊन टाकतो. आणि तेच मद्य, पाणी न घालता, धन्याला पाजून ओडिसियस त्याचा डोळा फोडतो.